जुलैतले दहा शब्द

जुलैच्या पहिल्या सोमवारी स्केल्थॉर्प टाउन या फुटबॉल क्लबचे खेळाडू एकेक करून फिजिओच्या खोलीत जात होते आणि बावळटपणाचं सोंग वठवून बाहेर येत होते. बाहेर बाकावर बसलेले बाकीचे त्यांची वाट बघत खिदळत होते.

"किती सांगितलेस?"

"चार."

"चारच? अरे, एखादी मेंढीसुद्धा पाच सांगेल! हन्नाला संशय येईल ना!"

"तुझ्याबाबतीत नाही येणार. तू खरे आठवतील तेवढेच सांग."

भानगड अशी होती. मोसम सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा होते. फिजिओ हन्ना दहा शब्द वाचून दाखवते, ते लगेच परत म्हणायचे. बारा महिने उलटे म्हणायचे. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. पुढे वर्षभरात कुणाच्या डोक्याला मार लागला, की तीच परीक्षा पुन्हा घेतात, आणि जुलैपेक्षा कमी मार्क पडले तर घरी बसवतात. म्हणजे जुलैत जितके कमी मार्क, तितका माणूस वर्षभर निर्धास्त. शाळेत ज्यांनी मास्तरांना रडवलं, त्या पोरांना अखेर एक अशी परीक्षा सापडली होती, की जिच्यात नापास होण्यातच शहाणपण होतं. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये घरी बसलेल्या माणसाची जागा शनिवारपर्यंत दुसरा कुणीतरी पटकावतो, आणि गेलेली जागा परत मिळाल्याचं कुणी फारसं ऐकलेलं नाही.

किअरन ऑल्ड्रॉइड आत गेला तेव्हा हन्नाने समोरचा कागद उचलला आणि सावकाश वाचलं, "कंगवा, घोडा, लिंबू, खिडकी, दोरी, पाव, ढग, चाक, मीठ, शिडी."

किअरनच्या डोक्यात दहाही शब्द नीट रांगेत उभे राहिले. त्याने त्यातला एक सांगितला, एक गिळला. कंगवा, लिंबू, दोरी, ढग, मीठ. मग कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं आणि मान हलवली. महिने म्हणताना एप्रिलपाशी मुद्दाम अडखळला. एका पायावर उभा असताना दोनदा झोकांडी खाल्ली, आणि दुसऱ्यांदा तर अशी झकास खाल्ली की हन्नाच हात धरायला पुढे झाली. बाहेर आल्यावर त्याने बाकावरच्या मंडळींना वाकून सलाम केला. चौतिसाव्या वर्षी माणसाला सलाम करावा असं फारसं काही उरत नाही, म्हणून ही मजा त्याने जरा जास्तच उपभोगली.

ही युक्ती त्याला डेस क्लेगने शिकवली होती. अठराव्या वर्षी मोठ्या क्लबने किअरनला एका छोट्या खोलीत बोलावलं, "तुझं भलं होवो" म्हणून सांगितलं आणि दार दाखवलं. तिथून तो आला तो थेट डेसच्या संघात. डेस तिथला कॅप्टन, बचावफळीतला धिप्पाड गडी. त्याचं नाक तीन दिशांना वळलेलं होतं. "पोरा," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू पास छान देतोस. ते विसर. इथे चेंडू जमिनीवर येतच नाही." आणि खरंच येत नव्हता. गोलकीपर लांब लाथ मारायचा, चेंडू ढगांतून ओला आणि जड होऊन खाली यायचा, आणि मिडफिल्डरने त्याच्याखाली उभं राहून कपाळ द्यायचं. किअरनने सोळा वर्षं कपाळ दिलं. या काळात नऊ क्लब झाले, नऊ भाड्याची घरं झाली. त्याची बायको लॉर्ना आता रिकामी खोकी फेकतच नाही, घडी घालून जिन्याखाली ठेवते. डोक्याच्या परीक्षेचं नवं खूळ आलं तो डेसचा शेवटचा मोसम होता. "जुलैत जरा मठ्ठ व्हायचं," तो डोळा मारून म्हणाला होता. "मग जन्मभर खेळायचं."

सप्टेंबरात एका सकाळी किअरन सरावाला निघाला, गाडी लावली, डिकीतून बूट काढले आणि फाटकापाशी आला. फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने त्याला मिठीच मारली.

"रॉइडी! अरे, परत आलास की काय आमच्याकडे?"

किअरनने वर पाहिलं. भिंतीवरची पाटी निळी होती. स्केल्थॉर्पची पाटी लाल. तो त्याच्या जुन्या क्लबच्या फाटकात उभा होता, जिथून त्याला दोन मे-महिन्यांपूर्वी नारळ मिळाला होता, आणि तिथे यायला त्याने घरापासून बरोब्बर उलट्या दिशेने तासभर गाडी चालवली होती. वाटेतली एकही खूण त्याला खटकली नव्हती.

"म्हटलं, तुझा चहा अजून तितकाच वाईट आहे का बघावं," तो म्हणाला.

म्हातारा खूश झाला. त्याने चहा केला. किअरनने तो शेवटच्या घोटापर्यंत बसून प्यायला. मग त्याने स्केल्थॉर्पला फोन करून टायर पंक्चर झाल्याचं सांगितलं. खोटं त्याच्या तोंडात चटकन आलं, याचंच त्याला बरं वाटलं. इतकं चटकन सुचतंय म्हणजे डोकं जागेवर आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पण त्यानंतर तो स्वतःवर पाळत ठेवू लागला, आणि ज्या माणसाने स्वतःवर पाळत ठेवली त्याला सुख म्हणून लाभत नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. एकदा चेंडू त्याच्या पायात आला आणि कोणत्या गोलकडे जायचं ते त्याला कळेना. हिरवंगार मैदान दोन्ही बाजूंना सारखंच दिसत होतं. त्याने घाबरून चेंडू जवळच्या लाल शर्टाकडे ढकलला. तेव्हापासून तो आधी गोलकीपरांचे शर्ट बघायचा. आपला पिवळा. पिवळ्याकडे पाठ करायची, मग चेंडू घ्यायचा. यात क्षणभर जायचा, आणि तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असायचा.

"ओ आजोबा!" कुंपणाला रेललेला एक जण दर शनिवारी ओरडायचा. "काठी घरी विसरलात काय?"

आधी किअरन त्याला हात हलवून दाखवायचा. आता 'विसरलात' हा शब्द ऐकला की तो पुन्हा पिवळा शर्ट शोधायचा.

घरी एका संध्याकाळी भाजलेल्या पावावर शेंगांचा रस्सा ओतता ओतता तो लॉर्नाला गोलकीपरची गंमत सांगत होता. लॉर्ना हसली नाही. त्यांची सात वर्षांची ईडी म्हणाली, "बाबा, हे तू मघाशी सांगितलंस."

"मघाशी म्हणजे काल."

"नाही, मघाशी. मोजे काढताना."

लॉर्नाने ईडीला दूध घ्यायला सांगितलं आणि विषय बदलला. तिने विषय बदलला, याची किअरनला जास्त भीती वाटली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो डेसला भेटायला गेला. बरेच दिवस जायचं जायचं म्हणत होता आणि बरेच दिवस टाळत होता. डेसची तब्येत बरी नाही, एवढं त्याच्या कानावर होतं. दार डेसची बायको शीला हिने उघडलं. एकोणीस वर्षांच्या, घरापासून तुटलेल्या किअरनला तिने दर रविवारी आपल्या टेबलावर जेवू घातलं होतं.

"ये राजा," ती म्हणाली. "आज बरा आहे तो."

डेस खिडकीपाशी बसला होता. अजून पन्नाशीही उलटली नव्हती. शर्टाची इस्त्री कडक होती, केस नीट विंचरलेले. किअरनला बघून त्याचा चेहरा उजळला.

"पोरा! वादळात खेळलो होतो ती मॅच आठवते? गोलकीपरने लाथ मारली आणि चेंडू त्याच्याच डोक्यावरून मागे गेला!"

"आठवते तर. तू रेफरीला म्हणालास, ह्याला लाल कार्ड दाखवा, हा दोन्हीकडून खेळतोय."

दोघं पोट धरून हसले. डेसला त्या मॅचचं सगळं आठवत होतं. कोण घसरलं, कुणी शिवी घातली, बसमध्ये कुणाच्या वाटचं चिकन कुणी खाल्लं. किअरनचा जीव जरा भांड्यात पडला. लोक उगाच काहीबाही बोलतात, त्याला वाटलं. मग डेस उठून चहा करायला गेला. चहा आणला, टेबलावर ठेवला, खिडकीपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "थांब, चहा करतो." पुन्हा गेला. शीलाने किअरनसमोरचा भरलेला कप मुकाट्याने उचलून खिडकीतल्या झाडामागे ठेवला. तिथे आधीचा एक होताच.

"वादळातली मॅच त्याच्याकडे पक्की आहे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दुपारी काय जेवला, ते नाही."

"सुरुवात कशी झाली, शीला?" किअरनने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आला होता तो.

"आधी रस्ता चुकला," शीला म्हणाली. "सरावाला म्हणून निघाला आणि जुन्या मैदानावर जाऊन उभा. आम्ही किती हसलो! महिनाभर त्याला चिडवत होतो. तेव्हाच कुणीतरी बघायला हवं होतं, राजा. पण फिजिओने परीक्षा घेतली आणि सांगितलं, जुलैत होता तसाच आहे, काही फरक नाही. मग आम्ही निश्चिंत."

आतून डेसने हाक मारली. "पोरा, साखर किती?"

किअरनने सोळा वर्षांत चहात कधी साखर घातली नव्हती. "दोन," तो म्हणाला, कारण त्याला वेळ हवा होता, चेहरा नीट करायला.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली नाही. घरी जायचा रस्ता आठवतोय का, ते तो आधी मनात जाऊन येऊन बघत होता.

नोव्हेंबरात धुक्याच्या एका दुपारी समोरच्या गोलकीपरने लांब लाथ मारली. चेंडू धुक्यात नाहीसा झाला आणि उशिरा, अगदी डोक्यावर, पुन्हा दिसला. किअरन उडाला, समोरचाही उडाला. डोक्याला डोकं आपटल्याचा आवाज पार कुंपणापर्यंत ऐकू गेला म्हणतात. किअरन शुद्धीवर आला तेव्हा हन्ना त्याच्यावर वाकली होती आणि बोटं नाचवत होती.

"मी ठीक आहे," किअरन म्हणाला. हे वाक्य त्याचं तोंड आपोआप म्हणायचं.

"नाहीयेस. चल बाहेर."

नियमाप्रमाणे त्याला काही दिवस घरी बसवलं. अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या किअरन विचार करत होता. गुरुवारी परीक्षा. जुलैचे पाच शब्द त्याच्यासाठी राखून ठेवलेले होते. पाच सांगितले की सुटका, शनिवारी मैदानात. इतकी वर्षं हेच तर त्याने कमावून ठेवलं होतं. पण त्याला आता सुटका नको होती. त्याला खरं काय ते हवं होतं, आणि ते सांगणारं माप त्याने स्वतःच्या हाताने मोडून ठेवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी ईडी वर खेळत असताना त्याने लॉर्नाला सगळं सांगितलं. गाडी, निळी पाटी, पिवळा शर्ट, शीला. आणि जुलै.

लॉर्ना बशी पुसत होती. ती पुसतच राहिली.

"म्हणजे तू मूर्ख असल्याचं सोंग केलंस."

"सगळेच करतात."

"सगळे गेले खड्ड्यात! मी सगळ्यांशी लग्न केलंय का?" तिचा आवाज चिरकला. "नऊ घरं बदलली मी तुझ्यामागून, किअरन. एक शब्द बोलले नाही. आणि तू त्या डोक्याशी खेळ मांडलास, ज्यात आम्ही दोघी आहोत?"

किअरन म्हणाला, "मी ठरवलंय. उद्या खरं सांगायचं. आठवतील तेवढे सगळे. दहाच्या दहा आले तर चोरी पकडली जाईल, मॅनेजर शिव्या घालतील, कदाचित हाकलूनही देतील. देऊ देत. पण मग मला कळेल ना, की डोकं शाबूत आहे."

लॉर्नाने बशी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसली. "चल, आत्ताच बघू. मी दहा शब्द सांगते."

"नको."

"का?"

तिने टेबलावरून हात पुढे करून त्याचे दोन्ही हात धरले, आणि वरून ईडीने हाक मारेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

गुरुवारी दुपारी खोलीत हीटर घरघरत होता. खिडकीबाहेर पोरं सरावाआधी चेंडू टोलवत होती. हन्नाने नवा कागद उचलला. या वेळचे शब्द वेगळे असतात.

"बादली, मेंढी, सुरी, टोपी, नदी, काच, लोणी, खिळा, पतंग, खुर्ची."

"बादली," किअरन म्हणाला. "मेंढी. सुरी. टोपी."

चार आले, धडाधड आले. त्याने श्वास घेतला. पुढे काय होतं? त्याने डोळे मिटले आणि अंगातला सगळा जोर लावला, सोळा वर्षांत कुठल्या चेंडूसाठी लावला नसेल एवढा. शेवटचा शब्द. लाकडाचा होता.

"खुर्ची."

"छान. आणखी?"

आणखी होते. त्याला पक्कं ठाऊक होतं, आणखी होते. तो अंधारात चाचपडत गेला, आणि तिथे खरंच शब्द उभे होते, नीट रांगेत, स्वच्छ. तो आनंदाने ओरडलाच. "घोडा! खिडकी! पाव!"

हन्नाने कागदाकडे पाहिलं. "ते नव्हते आज."

ते जुलैचे होते. त्याने तेव्हा गिळले होते ते. चाक आणि शिडीसुद्धा होती तिथे, एकही हरवला नव्हता. दोन मिनिटांपूर्वीचे तेवढे नव्हते.

"महिने सांग," हन्ना म्हणाली.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट." तो थांबला. "ऑगस्ट." हीटर घरघरत राहिला. कितीतरी वेळाने त्याला पुढचं सापडलं आणि मग तो जानेवारीपर्यंत धावत सुटला.

मग तो डोळे मिटून एका पायावर उभा राहिला. या वेळी सोंग नव्हतं. पोटरीतला प्रत्येक स्नायू ताणून तो ताठ उभा होता, तरी खोली डावीकडे कलली, आणि त्याचा पाय जमिनीवर टेकला. दुसऱ्यांदा तो भिंतीवर गेला.

हन्नाने संगणकात काहीतरी टिपलं आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. तिचा चेहरा प्रसन्न होता.

"अगदी जुलैसारखंच. शब्द पाच, तेव्हाही पाच. महिन्यांत एकदा अडखळलास, तेव्हाही एकदाच. तोल दोनदा गेला, तेव्हाही दोनदा. चला! शनिवारी खेळायला मोकळा आहेस तू."

दारावर थाप पडली. "काय आजोबा," बाहेरून कुणीतरी ओरडलं, "स्वतःचं नाव तरी आठवलं का?" आणि हशा झाला.

किअरनचे बूट खोलीच्या कोपऱ्यात होते. ते उचलायचे, बाहेर जायचं, त्यांच्या दुप्पट मोठ्याने हसायचं. हे सगळं त्याला येत होतं. करार संपायचा मे महिना अजून लांब होता, तोवर तो खेळाडू होता. त्यानंतर काय असतो, ते त्याला माहीत नव्हतं. खिडकीतल्या झाडामागे ठेवलेले चहाचे कप मात्र त्याला दिसत होते.

"हन्ना," तो म्हणाला. "जुलैत मी मुद्दाम चुकलो होतो."

हन्ना हसली. "अरे, सगळेच चुकतात. मी काय दुधखुळी आहे? तुमचा तो गोलकीपर तर पाय उचलायच्या आधीच पडला. बूट घाल, पळ."

"आज नाही चुकलो," किअरन म्हणाला. "मुद्दाम."

तिचं हसू आणखी क्षणभर तसंच राहिलं. मग तिने संगणकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा संगणकाकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

पुन्हा थाप पडली. "सोड गं त्याला, मॅनेजर वाट बघतायत!"

हन्ना उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली. खुर्ची त्याच्या अगदी जवळ ओढून बसली.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "काही सोडू नकोस."

किअरनने खोलीतल्या तपासणीच्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आधी रस्ता चुकला," तो म्हणाला.